गरोदरपणातली शुगर: तपासणी कधी, कशी आणि रिपोर्ट हातात आल्यावर काय

मला दिवस गेले तेव्हा माझं वजन ५१ किलो होतं. गोडाचा सोस कधीच नव्हता, चहासुद्धा अर्धा चमचा साखरेचा. पहिल्या भेटीतली साखर ११८ आली आणि तो कागद मी फाइलच्या तळाशी सारून दिला. सव्विसाव्या आठवड्यात पुन्हा ग्लुकोज प्यायला सांगितलं तेव्हा मी सिस्टरशी वाद घातला, "मागे नॉर्मल आलंय की, आता परत कशाला?" दोन तासांनी आकडा आला १६३, हवा होता १४०च्या आत.

पुढच्या तीन महिन्यांत जे कळलं ते क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर नाही, औषध आणि डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. पण ओपीडीत आपल्या वाट्याला पाच मिनिटं येतात. त्या पाच मिनिटांत काय विचारायचं हे घरून ठरवून गेलेलं बरं.

१. "मला कशी होईल?" हे आधी डोक्यातून काढा

ही शुगर गोड खाल्ल्याने "लागत" नाही. बाळाला पोसणारी वार काही संप्रेरकं सोडते आणि त्यांच्यामुळे आईच्या अंगात इन्सुलिनचा जोर कमी पडतो. बाळाला साखर पुरावी म्हणून हे प्रत्येकीतच होतं. बहुतेकींचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करून निभावून नेतं. जिचं नेत नाही तिची साखर चढते. ना तहान, ना थकवा, वेगळं असं काही जाणवत नाही, म्हणून तपासल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये भारतातलं प्रमाण १० ते १४.३ टक्के दिलं आहे. दवाखान्याच्या बाकावर आठ जणी बसल्या असतील तर त्यातली एखादी. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तमिळनाडूतल्या पाहणीत शहरात १७.८ टक्के, निमशहरी भागात १३.८ आणि खेड्यात ९.९ टक्के गरोदर स्त्रियांना हा त्रास निघाला. खेड्यातसुद्धा दहात एक! "शेतात राबणाऱ्या बाईला कसली शुगर" असं माझ्या आत्याचं मत होतं, तिला मी हा आकडा वाचून दाखवला.

आणि बारीक असण्याचं म्हणाल तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. शेजारी लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडची सडपातळ माणसं आतून सडपातळ असतातच असं नाही. माझे ५१ किलो काही कामाचे नव्हते.

आई-वडिलांना मधुमेह, आधीचं बाळ खूप वजनाचं, पीसीओडी (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा बिघाड), वय जास्त, वजन जास्त यांपैकी काही असेल तर धोका वाढतो. पण यातलं एकही नसताना शुगर निघालेल्या कितीतरी जणी असतात. म्हणूनच आपल्याकडे तपासणी सरसकट सगळ्यांची करायची असं ठरलेलं आहे.

२. तीन तारखा कॅलेंडरवर लिहा

पहिली: गरोदरपणाची नोंद करायला जाल त्याच दिवशी, म्हणजे जितक्या लवकर तितकं.

दुसरी: २४ ते २८ आठवड्यांच्या मध्ये. वारेच्या संप्रेरकांचा जोर याच सुमारास चढतो, त्यामुळे तिसऱ्या महिन्यातला नॉर्मल रिपोर्ट सहाव्या-सातव्या महिन्याची हमी देत नाही. दोन तपासण्यांमध्ये निदान चार आठवड्यांचं अंतर हवं. पहिल्यांदाच २८ आठवड्यांनंतर दवाखान्यात गेलात तर त्याच भेटीत एकदा होते.

तिसरी: बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यात, ज्यांची शुगर निघाली होती त्यांनी. ही तारीख जवळजवळ सगळ्याच विसरतात. शेवटी तिच्याकडे येईनच.

सरकारी दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची खास तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टर हमखास भेटतात. गर्दीही हमखास असते, सकाळी लवकर जा. तारखा लक्षात राहत नसतील तर आशाताईंना सांगून ठेवा, त्या पिच्छा पुरवतात.

३. सोबत काय न्यायचं

- माता आणि बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड
- आधीचे सगळे रिपोर्ट, सोनोग्राफीसकट (शेवटच्या पाळीची तारीख त्यावर असते)
- चालू गोळ्यांची यादी, थायरॉइडची असेल तर तीही
- घरात कुणाकुणाला मधुमेह आहे ते एका कागदावर
- मोबाइलमध्ये दोन तासांचा गजर
- तपासणी झाल्यावर खायला डबा
- शक्य असेल तर कुणीतरी सोबतीला, चक्कर येऊ शकते

खासगी लॅबमध्ये कधीकधी ग्लुकोजची पुडी आपल्यालाच आणायला सांगतात. औषधाच्या दुकानात ७५ ग्रॅमची मिळते. डब्यातून अंदाजाने "चार चमचे" घालून भागत नाही, वजन करूनच हवं. संत्र्या-लिंबाच्या चवीची ताकद-पावडर म्हणजे ही पुडी नव्हे, दुकानदार तीच पुढे करतो, परत द्या.

४. तपासणीचा दिवस

सरकारी पद्धत सोपी आहे. उपाशी जायची गरज नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. एकदाच टोचणं. लांबच्या गावाहून काहीतरी खाऊन आलेल्या बाईला "उद्या उपाशी या" म्हटलं तर ती परत येत नाही, हे ओळखून ही पद्धत आणली. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या गटाने ती रुजवली. १० मार्च हा त्यांचा जन्मदिवस आपल्याकडे गरोदरपणातल्या मधुमेहाचा जागृती दिन म्हणून पाळतात.

चव? गरम पाण्यात घातलं तर पाकासारखं लागतं, घशाखाली उतरत नाही. गार पाणी मागा. लॅबला विचारून लिंबाचे दोन थेंब पिळा.

वेळ पहिल्या घोटापासून मोजायची, आणि ती आपण स्वतः लिहून ठेवायची. आमच्या लॅबमध्ये दीड तास होतो न होतो तोच एकाने माझं नाव पुकारलं. "थोडं इकडेतिकडे चालतं," म्हणाला. चालत नाही. मी गजर दाखवला आणि पुन्हा बाकावर जाऊन बसले.

मधल्या वेळात खाणं नाही, फेऱ्या मारणं नाही, खाली बाजारात जाऊन येणं तर नाहीच. पाण्याचे घोट चालतात. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा. अर्ध्या तासानंतर झाली तर पुढे चालू ठेवतात. उलटी झाली हे लाजून लपवू नका, कमी आकडा येईल आणि त्यावर सगळे खूश होतील.

५. रिपोर्ट वाचताना पद्धत कुठली ते बघा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण पद्धतीगणिक रेघ वेगळी आहे.

वरच्या सरकारी पद्धतीत दोन तासांनंतर १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. २०० किंवा पुढे असेल तर प्रकरण तातडीचं, त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

बऱ्याच खासगी दवाखान्यांत उपाशीपोटीची तीन टोचण्यांची तपासणी करतात. तीही ७५ ग्रॅमचीच. तिथे उपाशी ९२, एका तासाने १८०, दोन तासांनी १५३ या रेघा आहेत आणि तिन्हींपैकी एक जरी ओलांडली तरी निदान होतं. रिपोर्टवर "९४" बघून "शंभरच्या आत आहे, चिंता नको" असं माझ्या मैत्रिणीला शेजारच्या काकांनी सांगितलं होतं. काकांचा हिशेब एरवीच्या मधुमेहाचा, गरोदरपणात तो लागू नाही.

अमेरिकेत असाल तर आधी ५० ग्रॅमची चाळणी आणि त्यात अडकलात तर १०० ग्रॅमची तीन तासांची तपासणी, असं दोन टप्प्यांत होण्याची शक्यता जास्त. इंग्लंडमध्ये रिपोर्ट मिलिमोलमध्ये येतो. त्याला १८ ने गुणा. तिथली दोन तासांची रेघ ७.८, म्हणजे आपले १४०.

इतक्या रेघा का, असा प्रश्न मलाही पडला. २००८ साली नऊ देशांतल्या तेवीस हजारांहून जास्त गरोदर स्त्रियांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की आईची साखर जसजशी चढते तसतसा बाळाचा धोका चढत जातो, मध्ये कुठे ठळक पायरी लागत नाही. चढावर रेघ कुठे मारायची हे माणसांनी ठरवलं आणि ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी मारली. "एवढ्या टक्के बायकांना शुगर" अशी बातमी वाचाल तेव्हा मोजलं कुठल्या पद्धतीने ते आधी शोधा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. न उपाशी करायच्या पद्धतीतून काही जणी सुटतात, असं उपाशीपोटीच्या तपासणीशी तुलना केलेल्या अभ्यासांत आढळलं आहे. घरात मधुमेह असेल आणि तुमचा आकडा १३६-१३८ असा काठावर असेल, तर "उपाशीपोटीची तपासणी करूया का?" हे डॉक्टरांना विचारा.

६. या तपासण्यांवर विसंबू नका

लघवीतली साखर: गरोदरपणात साखर वाढलेली नसतानाही लघवीत उतरू शकते आणि वाढलेली असताना कधी दिसतही नाही.

एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी): गरोदरपणात रक्तपेशी भराभर बदलतात, त्यात आपल्याकडे अर्ध्या जणींचं हिमोग्लोबिन कमी, त्यामुळे हा आकडा फसवतो. आधीपासूनचा मधुमेह ओळखायला सुरुवातीला उपयोगी पडतो, या तपासणीच्या जागी मात्र नाही.

नुसती उपाशीपोटीची साखर: आपल्याकडच्या अनेकींची उपाशी साखर छान असते आणि जेवणानंतरची उसळते. माझी उपाशी ८४ होती.

७. आकडा जास्त आला तर पहिले दोन आठवडे

रडून घ्या, मीही रडले. मग स्वयंपाकघरात जा. बहुतेकींना आधी दोन आठवडे आहार आणि चालणं एवढंच सांगतात. त्यानंतर जेवणानंतर दोन तासांची साखर १२०च्या आत आली तर तेच पुढे चालू. उपाशी ९५च्या आत हवी.

सर्वांत मोठी चूक म्हणजे उपाशी राहणं. मी पहिले चार दिवस भात-पोळी दोन्ही बंद करून काकडी खात बसले, वजन उतरलं आणि डॉक्टर रागावल्या. बाळ वाढतंय, खायचं आहेच. फक्त दिवसभरात वाटून खायचं: तीन जेवणं आणि मधली दोन-तीन खाणी. रात्री झोपतानाही कपभर दूध किंवा मूठभर फुटाणे.

सकाळची वेळ सगळ्यात अवघड. तेव्हा इन्सुलिनचा जोर सर्वांत कमी असतो. माझे पोह्यांनंतरचे आकडे १५० ओलांडायचे, तेवढेच पोहे संध्याकाळी खाल्ले तर १२५. मग सकाळी मुगाचं धिरडं, नाहीतर दोन अंडी आणि एक पोळी. पोहे सोडवेनात तेव्हा अर्धे पोहे आणि अर्धी मोड आलेली मटकी.

ताट असं भरा: अर्ध्या ताटात भाजी-कोशिंबीर, पाव ताटात आमटी, उसळ, अंडं किंवा मासे, उरलेल्या पावात भाकरी किंवा पोळी किंवा भात. आणि खायला सुरुवात कोशिंबिरीपासून.

आता आपले लाडके गैरसमज. गूळ चालतो: नाही, साखरच ती. मध चालतो: नाही. ज्वारीची भाकरी कितीही खा: भाकरी पोळीपेक्षा बरी म्हणा, पण पिठाचीच, तीन खाल्ल्या तर तीनांचा हिशेब लागतो. फळांचा रस पौष्टिक: अख्खं फळ खा, एका वेळी एक, जेवणासोबत नको, मधल्या वेळेला. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. आषाढीला सासूबाईंनी माझ्यासाठी वेगळी खिचडी केली, "थोडीशीच" म्हणून. थोडीशीच्या आकड्याने १७२ दाखवले. त्यानंतर माझे उपास त्यांनीच बंद केले आणि विठोबाला तसं कळवलंही.

डोहाळजेवणही याच काळात येतं. वाटीखाली पेढा निघाला, मी तो कपाळाला लावून नणंदेला दिला. आधीच घरात सांगून ठेवलंत तर कुणी आग्रह करत नाही. ऐनवेळी नाही म्हटलं की रुसवेफुगवे.

प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालायचं. शतपावलीचा असा रोख परतावा मला कधी मिळाला नव्हता: त्याच जेवणाचा आकडा वीसने खाली. चालायला डॉक्टरांनी मनाई केली असेल तर अर्थातच नाही.

८. घरचं मशीन

ग्लुकोमीटर घेताना मशीनच्या किमतीपेक्षा पट्ट्यांची किंमत विचारा, खर्च तिथे होतो. डबीवरची मुदत बघा, डबी घट्ट लावा, पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या बिघडतात. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा, दुखत नाही.

आणि हात धुवा, साबणाने, आणि कोरडे करा. मे महिन्यात हापूस कापून तसंच बोट टोचलं होतं. १९८! घरात धावपळ, नवरा डॉक्टरांना फोन लावतोय. हात धुऊन पुन्हा बघितलं तर ११२. एक वही करा: तारीख, वेळ, काय खाल्लं, आकडा. वाईट आकडे गाळू नका, डॉक्टरांना तेच हवे असतात.

९. गोळी किंवा इन्सुलिन लागलं तर

मला शेवटच्या सहा आठवड्यांत लागलं. "आता आयुष्यभर टोचत बसावं लागणार" अशी समजूत सगळीकडे आहे, पण वार पडल्यावर बहुतेकींचं इन्सुलिन सुटतं. इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही, साखर मात्र जाते. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त तयार करतं आणि अंगाने वाढतं.

एक सापळा फार धोक्याचा आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या अशा दोन ताकदींच्या मिळतात. ४० ला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला केशरी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो. दुकानात उभं राहूनच बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून बघा.

बाटली फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नको. फ्रीज नसेल तर ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, पिशवीत बंद करून.

हातपाय थरथरणं, घाम, एकदम भूक लागणं म्हणजे साखर उतरली असण्याची शक्यता. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून लगेच प्या, बसून राहा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. पर्समध्ये पुडी असू द्या.

बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली तर दोन-तीन दिवस साखर खूप चढते. हे माहीत नसेल तर आपण खाल्लेलं आठवून स्वतःला दोष देत बसतो.

१०. बाळंतपण

शुगर म्हणजे सिझेरियनच, असं नाही. साखर ताब्यात असेल आणि बाळाचं वजन प्रमाणात असेल तर वाट बघतात, ३९ आठवड्यांपर्यंत कळा आल्या नाहीत तर आणतात. बाळ ४ किलोच्या आसपास वाटलं तर सिझेरियनचा विचार होतो. वजनाचा अंदाज २८-३० आणि ३४-३६ आठवड्यांच्या सोनोग्राफीत येतो, त्या चुकवू नका. बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न बघता निघा.

बाळंतपण जिथे होणार तिथे बाळाची साखर तपासायची सोय आहे का ते आधी विचारा. जन्मल्यावर आईकडून येणारी साखर बंद होते, बाळाचं जादा इन्सुलिन मात्र चालूच असतं, त्यामुळे त्याची साखर घसरू शकते. टाचेला टोचून बघतात, ४५च्या खाली गेली की उपाय करतात. सगळ्यात पहिला उपाय आपल्याच हातात: पहिल्या तासात अंगावर पाजणं. घुटी आणि मध चाटवायला कुणी पुढे आलंच तर दारातच थांबवा.

११. सहाव्या आठवड्याची तपासणी

बाळ झालं, साखर उतरली, डिंकाचे लाडू सुरू झाले, फाइल माळ्यावर गेली. असंच होतं. पण ज्यांना गरोदरपणात शुगर निघाली त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सात ते दहा पट असतो.

ही तपासणी उपाशीपोटी: आधी एकदा रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी पुन्हा रक्त. दोन तासांचा आकडा १४०च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे काठावर, २०० किंवा उपाशी १२६ असेल तर मधुमेह.

ती विसरू नये म्हणून एक युक्ती. बाळाच्या दीड महिन्याच्या लसी त्याच आठवड्यात असतात. त्या दिवशी सकाळी उपाशी निघा आणि दोन्ही कामं एका फेरीत उरका. आम्ही तसंच केलं. गणपतीचे दिवस होते, घरी उकडीच्या मोदकांची तयारी चालली होती, आणि मी आरोग्य केंद्राच्या बाकावर एका मांडीवर रडणारं बाळ आणि एका हातात तोच ग्लास घेऊन बसले होते. गार पाणी मागायचं मात्र या वेळी विसरले नाही. आकडा आला १३१. डॉक्टरांनी फाइलवर "दर वर्षी" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. पुढची तपासणी मी बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात ठेवली आहे, केकच्या आधी.